रघोजी हळदीच्या दिवशी मेला

रवि., ९ नोव्हेंबर

आज पुन्हा संदीपशी वाजलं. खेळातल्या त्याच्या माणसानं नाणेघाटाच्या कड्यावरून चोराच्या अंगावर उडी घेतली. मी म्हटलं, घोटा मोडला. तांडा तुला पाठीवर नेणार नाही, दोन महिने घाटघरला कुणाच्या तरी पडवीत पडून राहा.

"राव, हिरो हाय तो! हिरोचा घोटा मोडतो का कुठं?"

मोडतो. मंचरच्या हॉस्पिटलात रोज मीच अशा घोट्यांचे एक्स-रे काढतो. शुक्रवारी एक बाई आल्या, उंबरा ओलांडताना खुबा गेला. उंबरा! आणि त्याच दिवशी विहिरीत पडलेला एक गडी नुसती करंगळी धरून हसत बसला होता. हाडांना गोष्टीशी देणंघेणं नसतं. हे या तिघांना तीन वर्षं सांगतोय.

संदीप मग दुपारभर घुम्यासारखा. दुकान त्याचं, टेबल त्याचं, म्हणून मी जरा नमतं घ्यावं अशी अपेक्षा. घोडेगावात फ्लेक्सचं दुकान आहे, रविवारी दुपारी अर्धं शटर ओढून आम्ही तिथं बसतो. फ्लेक्स कापायच्या टेबलावर खेळ. नाण्यांऐवजी फ्लेक्सला ठोकायच्या पितळी रिंगा. माझ्यापुढचा आडोसा वाया गेलेल्या सनबोर्डाच्या जाड पुठ्ठ्यातून कापलाय, खेळणाऱ्यांच्या बाजूला कुणा नेत्याचा अर्धा चेहरा आणि नमस्काराला जोडलेल्यातला एक हात. फासे मी त्याच्यामागे टाकतो. गोष्ट मी सांगतो, हे तिघं आपापल्या माणसाच्या तोंडून बोलतात, अडलं की वीस बाजूंचा फासा. जुना काळ, बैलांचा तांडा, जकात, चोर.

वैशाली (जि.प. शाळेत बाई, खेळात वैदीण) म्हणाली, "अविनाश, घोटा मोडू दे, पण चोर तरी सापडू दे त्याला." चोर सापडू दिला नाही. संदीपनं उडी मारायच्या आधी खाली बघितलं नव्हतं.

नितीन मात्र खुशीत. त्याचा रघोजी जकातदाराच्या मुलीशी, चिमाशी लग्न करणार. पुढच्या रविवारी हळद. चौतीस वर्षांचा बाप्या, शिनोलीला चांगली बागायत, ट्रॅक्टर, विहिरीला पाणी, आणि खऱ्यात एक मुलगी उभी राहत नाही. सगळ्यांना पुण्यात फ्लॅटवाला पाहिजे. म्हणून खेळात लग्न. आहेर काय द्यायचा हे सुद्धा लिहून आणलं होतं त्यानं. मला हसू आलं, मी लपवलं नाही.

पाचला खेळावरून उठलो. घरी उसाच्या कडेनं जायचं असतं, बिबट्या अंधाराची वाट बघत नाही हल्ली.

गुरु., १३ नोव्हें.

नि.चा फोन. मी पेशंट टेबलावर ठेवून घेतला.

"आवी, ओतूरला जाऊन आलो. मुलगी बघितली. रेश्मा नाव. तिनं मला प्रश्न इचारले रं!"

"काय विचारलं?"

"रविवारी काय करता म्हनली. आजवर कुनी इचारलंच नव्हतं मला काय. नुसतं किती एकर, किती एकर."

"मग काय सांगितलंस?"

"भजनाला जातो म्हनलं."

मुलगी मंचरलाच पतसंस्थेत आहे. वडील नाहीत, मामा सगळं बघतो. मामाला बायोडेटा आवडला, फोटो पण आवडला. (चुलतभावाच्या लग्नातला फेट्यातला फोटो, त्यात तो खरंच बरा दिसतो.)

मी अभिनंदन म्हटलं. आनंद झाला नाही. इथं कोण बघतंय, खरं लिहितो, हेवा वाटला. माझा संसार वर्षभरसुद्धा टिकला नाही आणि ह्या भजनी बुवाला कुणीतरी रविवार विचारतंय.

आणि दुसरं एक. दोन वर्षांपूर्वीचा त्याच्या छातीचा फोटो. खोकला घेऊन आला होता, मीच काढला. उजवीकडे वर डाग. टीबी. सहा महिने गोळ्या घेतल्या, ठणठणीत बरा झाला, नंतरचा फोटोही मीच काढला. त्याच्या आईला, याला कफ झाला एवढंच माहिती. वैशाली-संदीपला तेवढंही नाही. मी, तो आणि डॉक्टर. मामाला सांगितलं असेल का यानं? नाहीच. भजन सांगणारा माणूस टीबी कशाला सांगेल.

रवि., १६ नोव्हें.

रघोजी मेला.

नीट लिहून ठेवतो, उद्या परत कुणी काही म्हणायला नको. हळद, पावसाळ्याचे दिवस, घाटघरचा मांडव. पाणी टाक्यातलं. त्या टाक्यात बैल मरून पडला होता हे मी मागच्या खेळात सांगितलं होतं. वै.नं लक्षात ठेवलं, तिची वैदीण पाणी उकळून प्याली. नि. हळदीच्या गाण्यात गुंतला होता. चिमानं तांब्या दिला, रघोजी घटाघटा प्याला. वाईट पाण्याला फासा, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. टाकला. दोन. दोन पडलं की परत टाकायचा. एक.

पटकी. रात्रीत अंगातलं पाणी गेलं, सूर्य उगवायच्या आत संपला.

नि. आधी हसला. त्याला वाटलं गंमत. मग, "वैदीण हाय की!" वै.नं फासा टाकला, समोर, सगळ्यांदेखत, चांगला अठरा पडला. मी म्हटलं, त्या काळात पटकीला औषध नव्हतं.

"मग मला फासा कशाला टाकायला लावलास?"

मी म्हटलं, तुझं समाधान.

"लढाईत मेला असता तरी चाललं असतं," ती म्हणाली. "हळदीच्या दिवशी जुलाबानं?"

"खऱ्यात माणसं अशीच मरतात."

"सगळं खरंच पाहिजे असेल तर मी रविवारी घरी बसून पेपर तपासीन. इथं कशाला येऊ?"

नि. एवढंच म्हणाला, "आडोसा काढ. फासे बघू दे." मी फासे तोवर उचलले होते. सवयीनं उचलले, लपवायला नाही.

वातावरण फारच सुतकी झालं म्हणून मीच म्हटलं, माणूस मेला, आता फ्लेक्स नको का? खऱ्यातल्यासारखं करायचं तर पूर्ण करू. सं.ला एकदम हुरूप आला, दुकानदार शेवटी. मी कागदावर मजकूर लिहून दिला: भावपूर्ण श्रद्धांजली, अल्पशा आजाराने दुःखद निधन, दशक्रिया विधी घोडनदीतीरी, शोकाकुल समस्त मित्रपरिवार. सं.नं 'कै. रघोजी' टाइप केलं. मी म्हटलं, रघोजीला कोण ओळखतो? खरं नाव टाक. कै. नितीन ऊर्फ रघोजी. फोटो तोच, फेट्यातला. दोन्ही बाजूंना समया, खाली पांढरी फुलं. स्क्रीनवर असा काही उठून दिसला की आम्ही तिघं हसलो. म्हणजे मी आणि संदीप. वै. नाही बहुतेक.

नि. बघत राहिला. "फोटो चांगला बसलाय," म्हणाला.

जाताना वै. शटरखालून वाकता वाकता, फक्त मला ऐकू जाईल एवढंच: "तुला त्याचं लग्न बघवत नाही. खेळातलंसुद्धा."

सोम., १७ नोव्हें.

दिवसभर डोकं तापलेलं. फासा दोन आणि एकच पडला. दोन आणि एक! मी काय देवळात जाऊन शपथ घेऊ? तीन वर्षांत एकदाही खोटं सांगितलं नाही. वै.ची वैदीण मरता मरता वाचली तेव्हा कुणी म्हटलं नाही आडोसा काढ.

एक प्रश्न मात्र दिवसभर चावतोय. आठ पडलं असतं, तर आठ म्हटलं असतं का मी? म्हटलं असतं. बहुतेक.

नि.ला फोन केला नाही. एका कागदावरच्या माणसासाठी किती रुसायचं माणसानं.

बुध., १९ नोव्हें.

 हसावं की काय करावं ते कळत नाही.

सकाळी एसटीनं मंचरला निघालो तर घोडेगावच्या चौकात नितीन. सहा बाय चार. फेटा, समया, फुलं. कै. खाली लोक थांबलेले, एकानं गांधी टोपी काढून हातात घेतलेली. दुसरा शिनोली फाट्यावर, भीमाशंकरकडे जाणारी गाडीन् गाडी बघणार अशा जागी.

झालं असं. मशीन संदीपची बायको अश्विनी चालवते. कॉम्प्युटरवर छपाईच्या फोल्डरमध्ये जे असेल ते छापायचं, ही त्यांची रीत. कुणाचा वाढदिवस, कुणाचं निधन, वाचत बसलं तर मशीन थांबतं. सं. सोमवारी कामासाठी आहुप्याला गेला, तिथं रेंज नाही. अश्विनीनं काल फोल्डर उघडलं. नि.ला ती राखी बांधते. सं.ला फोन लागेना. नि.चा फोन घरी चार्जिंगला, तो कांद्याच्या रोपात. मग बाईनं रडत रडत छापला. दोन प्रती, पैसे न घेता. खाली स्वतःच्या पदरची एक ओळ वाढवली: तुझी अभागी बहीण अश्विनी. टांगणारा माणूस पहाटे टांगून मोकळा.

मी दुकानात जाऊन ओरडलो. "वहिनी, मला तरी एक फोन करायचा!"

"कॉम्प्युटरपाशी तुमच्याच अक्षरातला कागद व्हता, भावजी," ती म्हणाली. "तुमी दवाखान्यातले. तुमीच लिवलंय म्हनल्यावर आनखी कुनाला इचारायचं?"

मी शिडी घेतली आणि चौकातला स्वतः उतरवला. फाट्यावरचा सं.नं दुपारी, आहुप्याहून आल्यावर.

संध्या.
नि.च्या घरी गेलो. भावकीतल्या बाया आधीच येऊन गेलेल्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाकरी घेऊन आल्या, एकीनं तर लांबूनच गळा काढला, आणि समोर नि. चिखलाच्या पायानं उभा. एका म्हातारीला चक्कर आली. त्याची आई ओसरीत नुसती बसून त्याच्याकडे बघते, मधूनच उठून हात लावून येते. नि. जेवत होता.

"काय खातोयस?"

"माझंच पिठलं," म्हणाला. "बस. खा."

खाल्लं. तिखट होतं. आईनं माझ्या ताटात भाकरी वाढली नाही, पहिल्यांदाच.

गुरु., २० नोव्हें.

व्हायचं तेच झालं. रेश्माचा मामा काल भीमाशंकरला निघाला होता. फाट्यावर गाडी थांबवली. फोटो ओळखला, तोच फोटो त्याच्या मोबाइलात बायोडेट्यावर. घरी जाऊन सांगितलं, पोरगा गेला. मग रीत म्हणून दुखवट्याचं बोलायला नि.च्या घरी फोन लावला. उचलला कुणी? नि.नं.

"कोन बोलतंय?"

"नितीन."

मामानं फोन ठेवून दिला म्हणे.

मी हे वै.ला सांगितलं तर ती हसली नाही. मला तर वाटतं खेळात असं मी सांगितलं असतं तर तिघांनी मला दुकानाबाहेर काढलं असतं. असं कुठं होतं का म्हणाले असते. लेकाचे खऱ्यात वाटेल ते खपवून घेतात.

शनि., २२ नोव्हें.

नि. हॉस्पिटलात आला. माझ्या रूमच्या बाहेर बाकावर पेशंटांत बसून राहिला, नंबर लावल्यासारखा.

मामाला खेळाचं सगळं सांगितलं त्यानं. फासा, तांडा, रघोजी. अर्धा तास. मामाला एवढंच कळलं की पस्तिशीला आलेली माणसं रविवारी दुकान बंद करून खोटं खोटं मरतात. पण मामा खमक्या आहे. म्हणाला, निधन खोटं, ते समजलं. 'अल्पशा आजाराने' कुठून आलं? काही तरी असल्याबिगर कुनी लिहील का? येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी ते घर बघायला येणार. आणि म्हणाला, तो दवाखान्यातला मित्र पण पाहिजे तिथं, त्याला चार गोष्टी विचारू.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. तू सांगशील ते खरं मानत्याल."

"मी काय सांगू?"

"मला काय इचारतो. तूच ठरवतो ना सगळं."

त्याला म्हटलं, आधीच सांगून टाकायला हवं होतंस, टीबी काय पाप आहे का, बरा झालायस. तो म्हणाला, मागं एक स्थळ आलं होतं, त्यांना सांगणारच होतो, पण त्याच्या आधी त्यांनी शेजाऱ्याच्या दम्याची चौकशी केली. शेजाऱ्याच्या! म्हणून गप्प बसला. उठला, गेला.

'अल्पशा आजाराने' हे शब्द मीच निवडले होते. 'पटकीनं' लिहिलं असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं, एवढीशी गोष्ट.

रवि., २३ नोव्हें.

दोनला दुकानात. कुणी नाही. अश्विनीनं शटर वर केलं, चहा ठेवला आणि आत गेली. तीनला वै. आली, पर्स खांद्यावरून न काढता बसली.

"आठवड्यानं तिकडं जाणारेस ना?"

"बोलावलंय."

"चांगलं बोल. एकदा तरी गोष्ट सांगणाऱ्यासारखा वाग. लोकांना काय हवंय ते बघून सांगायचं असतं, काय झालं तेवढंच नाही."

तिला टीबीचं माहिती नाही, म्हणून तिला सोपं वाटतं. तिला सांगूही शकत नाही. हॉस्पिटलचा नियम आहे, आणि नियम नसता तरी... माहीत नाही. मी म्हटलं, मुलीचं आयुष्य आहे, तिला खोटं सांगायचं?

"खोटं कशाला? त्याच्यात खोट काय आहे?" वै.नं विचारलं, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

मी रिंगा डब्यात भरायला लागलो. गेली ती.

मला हे सगळं आवडतंय का? एक माणूस माझ्या तोंडाकडे डोळे लावून बसलाय, मी हो म्हटलं तर हळद, नाही तर पिठलं. तीन वर्षं आडोशामागे बसून हेच केलं. आवडतंय. थोडं आवडतंय. शी.

रवि., ३० नोव्हें.

घर बघणं झालं.

शिनोली. अंगण सारवलेलं, सतरंज्या. मामा, मामाचे दोन पावणे, आणि रेश्मा स्वतः. मुलगी घर बघायला येत नाही सहसा, ही हट्टानं आली. काळीसावळी, उंच, चष्मा, हसताना तोंडावर हात घेत नाही. नि.नं नवा शर्ट घातलेला, कॉलरमागचं लेबल तसंच राहिलेलं. कुणी सांगितलं नाही. मला दिसलं होतं, मीही सांगितलं नाही.

मामानं पोह्यांच्या आधीच सुरू केलं. "पावणं, तुमी ते यंत्रवाले. तुमचंच अक्षर व्हतं म्हनं फ्लेक्साच्या कागदावर."

हो म्हटलं.

"मग माणसाला मारायचं तर अपघातानं मारावं. आजार कशापायी?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि तेवढ्यात विषय विहिरीवर गेला. मोटर किती एचपीची वगैरे. मला वाटलं सुटलो. नि.च्या चेहऱ्यावरही तेच. त्यानं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, आभार मानल्यासारखी. त्या मानेची मला चीड आली. आभार कशाचे? मी काही केलंच नव्हतं.

हात धुवायला मागच्या नळावर गेलो. ती तिथं उभी. आधीच थांबली होती असं वाटलं.

"भजन हे असं असतं होय," म्हणाली.

मी हसलो.

"हळदीच्या दिवशी मारलंत त्याला?"

"फासा पडला."

"तुम्ही बघितला, की सगळ्यांनी?"

"मी."

तिनं नळ बंद केला, पाण्याचा आवाज थांबला. "मी तुम्हाला एकच विचारते. तुम्ही त्याचे जवळचे, आणि दवाखान्यातले. त्याला कधी काही झालं होतं का? मला चालेल काय असेल ते. पण लग्नानंतर कळलेलं चालणार नाही."

म्हणजे सोपं होतं. तिनंच सोपं करून दिलं होतं. नाही म्हणायचं, नि. सुटला. हो म्हणायचं, बरा झालाय हेही सांगायचं, तरी चाललं असतं कदाचित. किंवा हसून म्हणायचं, अहो तो बैलासारखा आहे, आणि रात्री नि.ला कान धरून सांगायचं, उद्याच्या उद्या फोन कर तिला.

मी म्हटलं, "ते त्यालाच विचारा."

शब्द ठीक आहेत. नियमात बसतात. कुणी चूक काढू शकणार नाही. पण मी ते कसं म्हटलं ते मला माहीत आहे. आधी गप्प राहिलो. खाली बघितलं. मग म्हटलं. तिघांना एखादी वाईट बातमी सांगायच्या आधी मी नेहमी गप्प राहतो, तसा. त्या गप्प राहण्यावर माझा हातखंडा आहे.

तिला कळलं. मान डोलावली, ओढणीला हात पुसले आणि आत गेली. निघेपर्यंत तिनं नि.कडे पाहिलं नाही. मामानं "कळवतो" म्हटलं.

गाडी गेल्यावर नि.नं विचारलं, "नळावर काय म्हनली?"

"तुझ्याविषयी विचारत होती."

"तू काय सांगितलं?"

"तुला विचार म्हटलं."

त्यानं मग कॉलरमागचं लेबल चाचपून काढलं आणि बोटात चुरगळत बसला.

गुरु., ४ डिसेंबर

काही कळलं नाही. नि. फोन घेत नाही. मामाचं "कळवतो" अजून कळवतोच आहे.

आज दुपारी पेशंट नसताना त्याच्या छातीचे दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर काढून बघितले. पहिल्यात डाग. दुसऱ्यात तिथं बारीकशी रेघ, जुन्या जखमेची असते तशी, माहीत नसेल तर दिसणारही नाही. कुणी अनोळखी असता तर नॉर्मल म्हणून पुढं सरकलो असतो. त्याच्या बरगड्या बघून उगाच वाईट वाटलं. सगळ्यांच्या बरगड्या सारख्याच असतात, तरी.

नळावर नाही म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? मीच म्हणतो खऱ्यात काय होतं ते महत्त्वाचं. खरं काय होतं? बरा झालाय हे खरं होतं. ते मला सांगता आलं असतं. मी ते सोडून सगळं सांगितलं.

वै.चा मेसेज: "रविवारी बसतोय. नितीननेच सांगितलंय."

रवि., ७ डिसें.

सगळे होते. आधी मी पोचलो, मग सं. आणि वै. आले. अश्विनीनं चहा आणला, माझाही आणला. नि. अडीचला. शर्ट तोच नवा.

बसला. म्हणाला, "रघोजी मेला. नवा माणूस घेतो. लिहून घे."

मी पेन काढलं.

"नाव नंतर. वय पस्तीसच्या घरात. राहणार शिनोली. दोन वर्षामागं क्षय झाला व्हता. औषध घेतलं, बरा झाला. पूर्ण. घरात कुनाला माहिती न्हाई."

सं.नं रिंगा मोजायच्या थांबवल्या. वै.नं नि.च्या मनगटावर हात ठेवला आणि ठेवूनच राहिली. म्हणजे सांगितलं त्यानं, सगळ्यांसमोर, माझ्या आडोशापुढे बसून.

माझ्या तोंडात आलं होतं, त्या काळी क्षयाला औषध नव्हतं. जिभेवर आलं होतं. गिळलं. लिहिलं: पूर्ण बरा.

मग नि.नं हात लांब करून तो सनबोर्डाचा आडोसा उचलला आणि भिंतीला लावून ठेवला, नेत्याचं तोंड भिंतीकडे. माझ्या बाजूला नुसतं उघडं टेबल, फासे, माझा चहाचा कप.

"शुक्रवारी तिला मी फोन केला," तो म्हणाला. "सगळं सांगितलं. डाग, गोळ्या, आईला माहिती न्हाई ते, भजन. सगळं. तिनं ऐकून घेतलं. मग एक शब्द बोलली अन् फोन ठिवला."

"काय बोलली?" सं.नं विचारलं.

नि.नं वीस बाजूंचा फासा माझ्यापुढे सरकवला. "आवी टाकल. दहाच्या वर पडलं तर हो म्हनली. खाली पडलं तर न्हाई."

"नितीन, तुला माहिती आहे ना ती काय म्हणाली ते."

"हाय की."

"मग फासा कशाला?"

"आडोशामागं तुला बी माहितीच असायचं की," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, हसला नाही. "टाक. समोर टाक."

फासा हातात घेतला. हलवला. बाहेर चौकात कुणाच्या तरी वाढदिवसाचा डीजे लावून बघत होते. वै. म्हणाली, "नितीन, पुरे." तो हललाच नाही. मी मूठ उघडली नाही. उघडली असती तर जे पडेल ते वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मग तो म्हणाला असता बरोबर किंवा चूक, आणि ते त्याच्या तोंडाकडे बघत ऐकावं लागलं असतं. हे तिघं तीन वर्षं माझ्या तोंडाकडे असेच बघत होते.

शेवटी नि. उठला. चपला घातल्या. "पुढच्या रविवारी टाक मग," म्हणाला, आणि शटरखालून वाकून गेला. गाडीचा आवाज शिनोलीकडे गेला, की मंचरकडे, ते डीजेमुळे कळलं नाही.

घरी आल्यावर कळलं, फासा खिशातच राहिलाय. आत्ता ताटाशेजारी आहे. वर चौदा आहे. पण ते धरायचं नाही, मी टाकलेला नाही. खिशातून काढून नुसता ठेवलाय.